धाकटीचा फोल्डर

मंगळवार, ४ मार्च

ताई आज जिना चढतानाच "धाकटे!" म्हणून ओरडली आणि मी खुर्चीतून "ओ" दिली. ही आमची लहानपणापासूनची सवय. तिने कुठूनही हाक मारावी आणि मी जिथे असेन तिथून ओ द्यावी. गच्चीवरून, न्हाणीघरातून, एकदा तर दातांच्या डॉक्टरच्या खुर्चीतून दिली होती, तोंडात कापूस असताना.

"आपलं सॉफ्टवेअर क्लीन मशीनवर बिल्ड झालं पाहिजे," पर्ससुद्धा खाली न ठेवता ती म्हणाली.

मी चाटच पडले. बिल्ड हा शब्द मी काढला की जांभई देणारी माझी बहीण! कारखान्यांच्या मालकांशी बोलायचं काम तिचं, कोड लिहायचं माझं, आणि दोघींनी एकमेकींच्या कामात नाक खुपसायचं नाही, हा आमचा या दोन खोल्यांतला अलिखित करार.

"क्लीन मशीन म्हणजे काय ते माहितेय का तुला?" मी विचारलं.

"ज्याच्यावर आधी काहीच नाहीये असं. कोरं. तू नुसता कोड द्यायचा, आणि समोरच्याने एक कमांड दिली की झालं पाहिजे."

"समोरचा कोण?"

"अगं, कुणीही. उद्या तू आजारी पडलीस तर?"

मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मी दोन वर्षं हेच म्हणतेय की सगळं माझ्या एका मशीनवर अडकलंय, ते बंद पडलं तर आपण दोघी रस्त्यावर. शेवटी तिच्या डोक्यात शिरलं. वाचायला लागली वाटतं बाई.

गुरुवार, ६ मार्च

ताईला साध्या भाषेत टिपण हवंय, "माझ्यासारखीला कळेल असं." इथे सराव करते.

कोटाचे किंवा शर्टाचे सगळे तुकडे लांबलचक कापडावर असे मांडायचे की चिंध्या कमीत कमी जाव्यात, आणि ती मांडणी कापणीच्या मशीनला द्यायची, हे आमचं सॉफ्टवेअर करतं. ते मी कितीतरी फायलींत लिहिलंय. त्या जोडून कारखान्यात चालणारा एक प्रोग्रॅम तयार करणं म्हणजे बिल्ड. कुठली फाइल कुठे आहे ते बिल्डला सांगावं लागतं. मी दर वेळी संपूर्ण पत्ता लिहिलाय, तोही माझ्या मशीनवरचा: होम, मग dhakti, मग कापणी, मग पुढचं. म्हणजे पाहुण्याला घराचा रस्ता सांगताना "माझ्या पलंगावरून उठा आणि डावीकडे वळा" असं सांगण्यातला प्रकार. जो माझ्या पलंगावर झोपत नाही त्याने काय करायचं?

उपाय सोपा आहे, कंटाळवाणा आहे. बिल्डची स्क्रिप्ट, म्हणजे बिल्डच्या सूचनांची यादी, आधी आपण स्वतः कुठे उभे आहोत ते शोधेल. त्या जागेला नाव द्यायचं 'मूळ जागा'. बाकी सगळं तिथून मोजायचं. कंपायलर वगैरे अवजारं कुठे आहेत ते मशीनलाच विचारायचं, आपण ठरवून टाकायचं नाही. मग फोल्डर उचलून कुठेही ठेवा, काही अडत नाही.

dhakti हे ताईनेच टाइप केलं होतं. पहिलं मशीन घेतलं तेव्हा आमचं ऑफिस म्हणजे ताईच्या घरातली इस्त्रीची खोली. मशीनने विचारलं, वापरणाऱ्याचं नाव? मी माझं पूर्ण नाव सांगायला लागले तर ती म्हणाली, "एवढं मोठं कोण टाइप करणार?" आणि दोन बोटांनी टकटक करून मोकळी झाली. तेव्हापासून आमच्या धंद्यातल्या प्रत्येक पत्त्यात मी आहे. आज 'होम, मग dhakti' असा सलग पत्ता शोधला तर स्क्रीन भरून मीच मी. लाज वाटली थोडी. मजाही वाटली.

सोमवार, १० मार्च

सगळे पत्ते बदलले. नवीन फोल्डर केला, कोड त्यात टाकला, कमांड दिली. एका दमात बिल्ड झालं! मी उठून खोलीत एक फेरी मारली. ताईला फोन केला तर ती मीटिंगमध्ये होती. हल्ली ती फार मीटिंगमध्ये असते.

मंगळवार, ११ मार्च

मी मूर्ख आहे. नवीन फोल्डरमधून बिल्ड झालं खरं, पण जुना फोल्डर शेजारीच होता ना! जे जे नवीन ठिकाणी सापडलं नाही ते ते बिल्डने गुपचूप जुन्यातून उचललं आणि मला कळूही दिलं नाही. परीक्षेत शेजारच्याची वही उघडी ठेवून पोरगं पहिलं आलं म्हणून पेढे वाटावेत, तशी मी काल मिरवत होते.

खरी परीक्षा एकच. जुन्या फोल्डरचं नाव बदलायचं म्हणजे जुने पत्ते आंधळे होतात. मी नवीन नाव दिलं dhakti-nahi. धाकटी नाहीच असं समजून सगळं चाललं पाहिजे.

कमांड दिली. धडाधड कोसळलं. चुकांच्या लाल ओळीच लाल ओळी.

बुधवार, १९ मार्च

आठवडा नुसता त्यातच गेला. मान धरलीय. पण आज dhakti-nahi असताना बिल्ड झालं, आणि तयार झालेल्या प्रोग्रॅमने सुती शर्टाची अख्खी मांडणी बिनचूक काढून दिली.

ताईला दाखवलं. तिने मला घट्ट मिठी मारली, इतकी की मीच म्हटलं, अगं सोड, मान धरलीय माझी. संध्याकाळी माझ्यासाठी नवी खुर्ची आली, मानेला टेकू असलेली. ताई म्हणाली, "घरी ठेव. घरी बसून काम करताना होईल." मी म्हटलं, मी घरी कुठे काम करते? ती म्हणाली, "करशील की."

शिवाय तिला आता टिपण हवंय: कुठला भाग काय करतो, कुठे काय बदलायचं, सगळं. मी आनंदाने लिहितेय. इतकी वर्षं कुणी विचारलंच नव्हतं, आणि सांगायची हौस काय मला कमी आहे?

सोमवार, २४ मार्च

ताईने नवीन मशीन घेतलंय, जास्तीचं, अडीनडीला. ते तिच्या ओळखीच्या कुणाकडे तरी ठेवलंय, कारण ऑफिसात आग लागली तर दोन्ही मशीनं एकत्र जायला नकोत. बारीक विचार करते हो. त्या मशीनवर बिल्ड अडलं म्हणून तिने मला तिथला मजकूर पाठवला.

अडचण किरकोळ होती, एका अवजाराची आवृत्ती जुनी. पण बिल्ड अडलं की ते कुठे उभं राहून अडलं तो संपूर्ण पत्ता छापतं, आणि त्या पत्त्यात मधोमध हत्तीचं नाव! हत्ती म्हणजे ती मोठी कंपनी, जिच्या सॉफ्टवेअरला आमच्या छोट्या कारखान्यांत कुणी विचारत नाही म्हणून ताई आणि मी पोट धरून हसतो. ताईनेच हे नाव ठेवलंय तिला: शिरायचं तर दार मोडावं लागतं.

मी ताईला विचारलं. ती म्हणाली, "सेकंडहँड आहे गं. त्यांच्याकडून निघालेलं असेल."

असेलच. मोठ्या कंपन्या दर दोन-तीन वर्षांनी मशीनं काढून टाकतात. पण निदान पुसून तरी द्यायचं. मी तिला चार शब्द सुनावले, की असलं मशीन तपासल्याशिवाय घ्यायचं नसतं. तिने मुकाट्याने ऐकून घेतलं. एरवी ऐकून घेणाऱ्यातली नाही ती.

मंगळवार, २५ मार्च

झालं! तिकडेही एका कमांडमध्ये.

रविवार, ३० मार्च

आई आणि मी ताईकडे जेवायला गेलो होतो. भाऊजी फार खुशीत. मला म्हणाले, "काय मग, आता तुम्हीही मोकळ्या!" ताईने त्यांच्याकडे असं पाहिलं की ते उठून पाणी आणायला गेले, आणि पाणी तर टेबलावरच होतं. मी म्हटलं, मोकळी कसली, आता तर कुठे नवीन आवृत्ती सुरू करायचीय. मग मी ताईला अर्धा तास नवीन आवृत्तीच सांगत बसले. ती "हं, हं" करत राहिली.

परत येताना आई म्हणाली, "थोरलीचं काहीतरी बिनसलंय. तुझ्याशी बोलताना तुझ्याकडे बघत नव्हती."

आईला प्रत्येकाचं काहीतरी बिनसल्यासारखंच वाटतं. ताई दमलीय, एवढंच. कंपनी कागदावर तिच्या एकटीच्या नावावर आहे. सुरुवातीला मी दुसरीकडे नोकरीत होते, माझं नाव घालणं शक्य नव्हतं. नंतर घालू म्हणालो, ते राहूनच गेलं. त्यामुळे सगळा ताप तिच्याच डोक्यावर. बहिणी-बहिणींत कसले कागद, असं मीच म्हणाले होते.

गुरुवार, ३ एप्रिल

लगेच लिहून ठेवते, नाहीतर उद्या मला वाटेल की मी चुकीचं ऐकलं.

दुपारी अनोळखी नंबरवरून फोन. एक बाई, आवाजावरून तरुण, फार आदबशीर.

"मॅडम, त्रास देतेय, माफ करा. आता कोड आमच्याकडे आलाय ना, त्यात एका फाइलच्या वर तुम्ही टीप लिहिलीय, काही बिघडलं तर मला फोन करा, आणि खाली नंबर. म्हणून केला."

"आमच्याकडे म्हणजे कुठे?"

तिने हत्तीचं नाव घेतलं.

मी काय बोलले मला आठवत नाही. बहुतेक नुसतं "बरं" म्हणाले असेन. ती पुढे सांगत राहिली. "तुमच्या ताई म्हणाल्या होत्या की तब्येतीमुळे तुम्ही काम सोडलंत, तुम्हाला फोन करू नका. पण मला राहवलं नाही. मॅडम, इतकं स्वच्छ काम आम्ही पाहिलं नव्हतं. ताब्यात घ्यायला आम्हाला कित्येक महिने लागतील असं धरून चाललो होतो. तुमच्या मशीनचा एक पत्ता कुठे राहिलेला नाही. एका कमांडमध्ये उभं राहिलं!"

मग अडचण. मखमलीचा कोट. कापणी झाली, शिवून झाला, आणि एक बाही गडद, एक फिकी. लव, म्हणजे मखमलीवरचे बारीक केस, उलटसुलट आलीय. सुती कापडाला काही होत नाही, फक्त मखमलीला होतं.

मला त्याच क्षणी कळलं काय झालंय. कापडाची लव कुठल्या दिशेला आहे ते एका छोट्या फाइलीतून वाचलं जातं. ते इस्त्रीच्या खोलीत असताना लिहिलंय मी. तो पत्ता मी सलग लिहिलेलाच नाही, होम आणि dhakti असे तुकडे जोडून केलाय, म्हणून शोधात सापडला नाही. आणि फाइल मिळाली नाही तर प्रोग्रॅम ओरडत नाही. गप्प बसतो आणि दिशा नाहीच असं धरून कापत सुटतो. म्हणून dhakti-nahi करूनही लाल ओळ आली नाही. मी तपासलं ते सुती शर्टावर.

"बघून सांगते," म्हटलं. ती म्हणाली, "काळजी घ्या हं, मॅडम. तब्येत जपा."

शुक्रवार, ४ एप्रिल

फसवलं. माझ्या ताईने मला फसवलं. विकली कंपनी, तेही समजू शकले असते, भांडले असते, चार दिवस रडले असते. पण विकण्याआधी तिने मलाच कामाला लावलं, मी माझ्या हाताने स्वतःला एकेका ओळीतून खरवडून काढलं, आणि वर तिला टिपण लिहून दिलं! साध्या भाषेत! धाकटी नाही असं समजून सगळं चाललं पाहिजे, असं मीच या पानांवर लिहिलंय. मागे जाऊन वाचलं. भाऊजी पाणी आणायला गेले ते वाचलं. खुर्चीचं वाचलं. डोळे होते की बटणं?

ताईचे पाच फोन आले. घेतले नाहीत. नव्या खुर्चीत आई बसतेय. मला त्या खुर्चीकडे बघवत नाही.

रविवार, ६ एप्रिल

ताई आज घरीच आली. लॅपटॉप घेऊन. आईने दार उघडलं, आमच्या दोघींची तोंडं पाहिली आणि आत निघून गेली.

ताई माझ्या समोर बसली. आज माझ्याकडे बघत होती.

"त्या मुलीने तुला फोन केला ना?"

"हो. मला तब्येत जपायला सांगितलंय."

ती ओशाळली. पण ताईच ती, लगेच सावरली. "काहीतरी सांगावंच लागलं. ते म्हणत होते, कोड लिहिणारी सोबत येत नसेल तर आम्हाला खात्री कशी? म्हणून मग तब्येत, आणि क्लीन मशीन. तीच त्यांची अट होती. आमच्या मशीनवर, आमच्या माणसांनी, तुमच्या मदतीशिवाय बिल्ड झालं पाहिजे, म्हणाले."

"मला का नाही विचारलंस?"

"तू हो म्हणाली असतीस?"

"नाही."

"मग?" ती म्हणाली. "मी दमले गं. प्रत्येक कारखान्यात जाऊन हसायचं, प्रत्येकाची बोलणी खायची. तू इथे बसून फायलींशी बोलतेस, तुला ते माहीत नाही. मला सोडायचं होतं. तुझा वाटा मी देणारच आहे, अर्धा, कागद असो नसो."

"वाट्याचं मी विचारलं नाही. ताई, मार्चमध्ये तू वर आलीस, पर्सही ठेवली नव्हतीस, तेव्हा ठरलं होतं?"

तिने लॅपटॉपची वायर गुंडाळायला घेतली.

"ठरलं होतं?"

"हो."

"मग तेव्हा का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू कामाला हात लावला असतास का?"

हे ती रागाने म्हणाली नाही. समजावून सांगावं तसं म्हणाली, आणि मला वाटतं त्यानंतर तिलाही ते ऐकू आलं, कारण तिने मान खाली घातली. मला ओरडायचं होतं. दोन दिवस मनात सगळं घोळवून ठेवलं होतं, एकापेक्षा एक झोंबणारं. तोंडातून निघालं ते एवढंच:

"आलीस कशाला?" मी विचारलं.

"ते मखमलीचं. सह्या अजून व्हायच्यात, तेवढं झालं नाही तर ते घेणार नाहीत म्हणतात. इथवर येऊन सगळं मोडेल. एकच ओळ असेल ना गं?"

म्हणजे अजूनही सगळं माझ्या हातात होतं. मी नाही म्हटलं असतं तर सगळं परत आलं असतं: दोन खोल्या, मशीन, नवीन आवृत्ती, ताई. मी खरंच विचार केला. बराच वेळ केला. पण परत आलेल्या ताईबरोबर मी करणार काय होते? ती जिना चढून आली की मी दर वेळी तिच्या पर्सकडे बघत बसले असते. आणि समजा त्यांनी तसंच चालवलं, तर कुणाकुणाच्या मखमलीची वाट लागणार, त्या कारखानेवाल्यांनी माझं काय घोडं मारलंय? चूक माझ्या हातची आहे. ती तशीच सोडून द्यायला माझा हात वळत नाही. हा माझा दोष म्हणायचा तर म्हणा.

"उघड," मी म्हटलं. फाइलचं नाव सांगितलं, ओळ सांगितली. तिने लॅपटॉप माझ्याकडे सरकवला.

"मी नाही. तू कर."

"मला येत नाही गं."

"मी सांगते. आता दिसतंय तिथे dhakti? ते पुस."

तिने बोट बटणावर नेलं आणि थांबली. इस्त्रीची खोली तिलाही आठवली असणार. मी मदत केली नाही. मग तिने पुसलं. एकदम निवडून पुसायचं तिला माहीत नाही, म्हणून एकेक अक्षर. प्रत्येक अक्षराला बटणाचा आवाज झाला. डोळे पुसायला मध्ये एकदा थांबली.

"आता इथे काय लिहू?"

"मूळ जागा." मी अक्षरं सांगितली. "आणि खालची ओळ. फाइल सापडली नाही तर थांब आणि सांग, असं लिहायचंय. सांगते."

"आधी काय होतं तिथे?"

"आधी काही सापडलं नाही तरी प्रोग्रॅम काही बोलायचा नाही. गप्प राहून चुकीचं कापत बसायचा."

मी सांगत गेले, ती दोन बोटांनी लिहीत गेली. लवेची फाइल मी पेनड्राइव्हवर दिली आणि मूळ जागेत कुठे ठेवायची ते सांगितलं. तिने सगळं तिकडे पाठवलं. आम्ही बसून राहिलो. आईने आतून विचारलं, चहा टाकू का? ताई म्हणाली, नको. थोड्या वेळाने तिकडून निरोप आला. बिल्ड झालं. मखमलीची मांडणी बरोबर, सगळी लव एका दिशेला. 'मॅडमना थँक्यू सांगा' असंही होतं. ताईने ते मला वाचून दाखवलं.

ती उठली. दारात थांबून म्हणाली, "येशील ना गं घरी?" मी म्हटलं, बघू. ती जिना उतरली. मी दार लावलं आणि इथे येऊन लिहायला बसले.

मग खालून, रस्त्यावरून, तिने हाक मारली. "धाकटे!"

खिडकी उघडीच होती. थोडं थांबून तिने पुन्हा मारली.

आई बाहेर आली. म्हणाली, "अगं, ताई हाक मारतेय."

"ऐकू आलं," मी म्हटलं, आणि ओ दिली नाही.